तिच्या शेजारची जागा

“बदल आला का त्याला पाट द्यायचा, भाऊ. दारात उभं न्हाई ठेवायचं.”

हे तो कशालाही म्हणायचा. गुरांच्या कानात बिल्ले मारून त्यांची नोंद मोबाईलवर करायचा हुकूम आला, तेव्हा आम्ही सगळे कुरकुरत होतो. हा पन्नाशीचा माणूस चष्मा कपाळावर ढकलून दोन दिवस मोबाईलशी झटत बसला आणि तिसऱ्या दिवशी आम्हालाच शिकवायला लागला.

पेठजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात आम्ही अकरा वर्षं बरोबर काढली. मी पर्यवेक्षक, तो पट्टीबंधक. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, बिथरलेलं जनावर धरायचं, हे त्याचं काम. म्हैस लाथा झाडायला लागली की तो तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायचा. लोक म्हणायचे, मंत्र घालतो. मी एकदा जवळ जाऊन ऐकलं. “झालं, बाई, झालं, झालं,” एवढंच होतं ते.

तो मॉर्मन होता. ख्रिस्ताला मानणारा एक पंथ, एवढं मला त्याच्याकडूनच कळलं. गावाला त्यातलं एकच कळलं होतं, की हा चहा पीत नाही. तुम्ही आमच्या भागात फिरला असाल तर यातली अडचण तुमच्या लक्षात येईल. इथे गाय व्याली तरी चहा होतो आणि मेली तरी होतो. तो कपावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, “गार पाणी दे, माय.”

“चहा न्हाई इचारला म्हनून मानसं रुसत्यात,” एक म्हातारा त्याला म्हणाला. “तू रुसतो तरी कशावर रं?”

“मी रुसायचं बी सोडलं, आबा.”

“मग बायकू कशी नांदंल तुज्यासंगं?”

गोठ्यातले सगळे हसले. तोही हसला. मला मात्र हसता आलं नाही, कारण मला ठाऊक होतं.

त्याचं घर डिंगोऱ्याला. तिथे त्यानं हौसेनं शेततळं खोदून घेतलं होतं. तळ्याला अंथरलेल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. घसरलेलं माणूस धडपडतं, पण वर येत नाही. कुंपण पुढच्या आठवड्यात घालू, असं तो बायकोला म्हणाला होता. त्याच आठवड्यात त्याची साडेतीन वर्षांची लेक त्यात गेली. लहान लेकरू म्हणून रीतीप्रमाणे तिला जाळलं नाही, शेताच्या कोपऱ्यात मातीत ठेवलं. बायको माहेरी, आणे गावी गेली, ती परत आली नाही.

पुढे काही वर्षांनी तो प्रशिक्षणासाठी महिनाभर पुण्यात राहिला. शेजारच्या खोलीतलं कुटुंब त्याला एका रविवारी आपल्या प्रार्थनेला घेऊन गेलं. घरची माणसं मरणानंतरही एकमेकांची राहतात, असं तिथे कुणीतरी सांगत होतं.

“बाकीचं मला तवा काय कळलं न्हाई,” तो म्हणायचा. “एवढं ऐकलं आन् खालीच बसलो.”

बाप्तिस्म्याची गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली. गाडीवरून परत येत होतो, तो मागे बसला होता. तोंड दिसत नव्हतं, म्हणून सांगू शकला असेल. “मला सबंध पान्याखाली घेतला, भाऊ. येकच क्षण. तवा कळलं, तिला कसं झालं आसंल. मी वर आलो, ती आली न्हाई. पर येशू पयला वर आला, त्ये आपल्यासाटीच. ती बी येनार.”

मी गाडी चालवत राहिलो.

दर रविवारी तो पेठहून एसटी धरून पुण्याला जायचा. मी चिडवायचो, “काय मिळतं रे तिथं?”

“पावाचा तुकडा आन् घोटभर पानी.”

“एवढ्यासाठी इतके धक्के खात जातोस?”

“तुमी मटनासाटी आळेफाट्याला जाता, मी काय म्हनतो का?”

मग त्याला पोटाचा कॅन्सर निघाला. रिपोर्ट वाचून त्यानं घडी घातली आणि म्हणाला, “आलाय तर बसू दे. पाट दिलाय त्याला.” आजाराला तो हसून सामोरा गेला असं मी इथं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. तो भ्यायला होता. तरी दारात उभं ठेवायचं नाही, हे त्यानं सोडलं नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात मी डिंगोऱ्याला गेलो, तेव्हा तो माझा खांदा धरून मला शेताच्या कोपऱ्यात घेऊन गेला. दगड रचलेला वीतभर उंचीचा ढीग होता. त्याच्या डाव्या बाजूला माणूसभर लांबीची पट्टी न नांगरता ठेवली होती.

“इथं,” तो म्हणाला. “मला जाळू देऊ नका. उठायचा दिस येईल तवा पयला हात लांब करनार. ती हाताशी लागली पायजे. लेकरू हाय. उठल्यावर मी दिसलो न्हाई तर भ्येल.”

त्यानं ते कागदावरही लिहिलं होतं, खाली सही केली होती. कागद माझ्या खिशात घातला. “माजा सख्खा भाऊ माजं ऐकायचा न्हाई. तुमचं ऐकंल.”

मी म्हणालो, “शब्द दिला.”

तो गेल्याचा फोन सकाळी आला. कागद खिशात घालूनच मी निघालो. अंगणात तिरडी बांधायला घेतली होती. इथं एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या मुलीची सोयरीक त्याच्या भावाच्या मेव्हण्याच्या घरात ठरली होती आणि साखरपुडा बारा दिवसांवर होता.

भावानं सगळ्यांना विचारलं, “कुनाला काय सांगून गेला आसंल तर आत्ताच बोला. मागनं नको.”

मागून कुणीतरी म्हणालं, “बाटलेल्याचं काय ऐकायचं? त्याच्यासंगं फिरनारं बी निम्मं बाटल्यालंच.”

मेव्हणा माझ्याकडे बघत होता. माझा होणारा व्याही. “पावणं, तुमी त्याचं दोस्त,” तो म्हणाला. “तुमाला काय म्हनला का?”

माझा हात खिशावर होता.

“नाही,” मी म्हणालो. “मला काही बोलला नाही.”

यापेक्षा जास्त काही घडलं नाही. कुणी मला धमकावलं नव्हतं. मी दोन वाक्यं बोललो असतो तर कदाचित भांडण झालं असतं, कदाचित भावानं ऐकलंही असतं. ते आता कळायचा मार्ग नाही.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. भावानं अस्थींचं मडकं माझ्या हातात दिलं. “तुमी धरा. तुमच्यावर लई जीव व्हता त्याचा.” मडकं कोमट होतं. मी ते नदीत रिकामं केलं. एक मूठ मागे ठेवावी, एवढंही सुचलं नाही. दहाव्याला कावळा लगेच शिवला. “सुटला,” भाऊ म्हणाला आणि हमसून रडला. भाऊ वाईट माणूस नाही. त्याला जे ठाऊक होतं ते सगळं त्यानं नीट केलं. ठाऊक मला होतं.

मुलीचं लग्न झालं. ती सुखात आहे. तिच्या घरी जातो तेव्हा मी जेवायला थांबत नाही आणि कारण सांगता येत नाही.

तो गेल्याच्या पुढच्या महिन्यात पुण्याहून एक वयस्कर जोडपं मला शोधत आलं. तेच, त्याला पहिल्यांदा प्रार्थनेला नेणारं. त्यांना त्याची जागा बघायची होती. शेतावर जाताना वाटेत मी त्यांना सगळं सांगितलं आणि कागद दाखवला. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

गृहस्थांनी कागद वाचून परत दिला. मग म्हणाले, “देव राखेतूनही उठवतो. तुम्ही मनाला इतकं लावून घेऊ नका.”

उठवत असेल. पण आमची नदी येडगावच्या धरणाला मिळते आणि तिथून कालव्यानं पाणी पार नगर जिल्ह्यात जातं. कुठल्या रानातून उठून तो हात लांब करणार?

बाईंनी विचारलं, “जागा कुठली ठेवली होती त्यांनी?”

मी बोट दाखवलं. भावानं त्या पट्टीत कांदा लावला होता, अगदी दगडांना भिडवून. नुकतंच पाणी सोडलेलं होतं. दोघांनी बांधावर चपला काढल्या आणि डोळे मिटले. प्रार्थनेत त्यांनी त्याचं नाव घेतलं, लेकीचं घेतलं आणि मग माझंही घेतलं.

मी डोळे मिटले नाहीत. वाफ्यातलं पाणी जिरत होतं, ते बघत उभा राहिलो.