गुरवाने स्वतःसाठी लावलेला कौल

आमच्या गावदेवीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घराकडे आहे. शहापूरहून मुरबाडकडे जाताना किन्हवलीच्या अलीकडे एक फाटा आत वळतो, तिथे आमचं गाव. लोक देवीला कौल लावायला येतात. मुलीचं स्थळ स्वीकारावं का, विहीर कुठे खणावी, असं काहीबाही विचारतात. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवायचं, प्रश्न मांडायचा आणि वाट पाहायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. जवळजवळ वीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी कौल लावत आलो. स्वतःसाठी एकदाच लावला, आणि त्या दिवशी माझा तिच्यावर विश्वास उरला होता की नाही, हे आजही मला खात्रीने सांगता येत नाही.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. खोकला हटेना, अंगातला ताप जाईना, सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. तपासणीत टीबी निघाला आणि त्याच्या जोडीला एचआयव्ही. तो कुठून आला हे मला ठाऊक होतं आणि बायकोपासून मी ते लपवलं नाही. तिच्या रक्तात काही नाही असं कळलं तेव्हा दवाखान्याच्या ओसरीवर भिंतीला टेकून मी रडलो. ती म्हणाली, "उठा. घरी चला, लावणी ऱ्हायलीय अजून." त्यानंतर तिने तो विषय कधी उकरून काढला नाही. पण गावात आम्ही फक्त टीबीचंच सांगितलं. गुरवाला हा आजार आहे असं कळलं तर त्याच्या हातचं तीर्थ कोण घेणार?

टीबीच्या गोळ्या एक दिवसाआड अंगणवाडीत जाऊन बाईंसमोर गिळायच्या असत. महिन्याभरात ताप गेला, भूक लागायला लागली. दीड महिन्याने शहरातल्या सरकारी रुग्णालयातून एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या. आता आपण वाचलो असं मला वाटलं. आणि तीनच आठवड्यांत सगळं उलटलं. ताप परत आला, पूर्वीपेक्षा चढा. मानेच्या डाव्या बाजूला गाठ आली आणि बघता बघता लिंबाएवढी झाली. मान वळेना, घास गिळवेना. टीबीच्या गोळ्यांनी मी बरा होत होतो आणि ह्या नव्या गोळ्यांनी मरायला टेकलो, हा हिशेब मला अगदी सरळ दिसत होता. बायको म्हणाली, डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, ज्यांनी हे विष दिलं त्यांच्याकडेच परत कशाला जायचं?

त्या मंगळवारी पूजा आटोपल्यावर देवळात कोणी नाही असं पाहून मी फुलं चिकटवली आणि विचारलं, "आई, गोळ्या सोडू ना?" खरं तर मी विचारतही नव्हतो. संध्याकाळपासून गोळी घ्यायची नाही हे माझ्या मनात पक्कं झालं होतं, तिने फक्त मान डोलवावी एवढंच हवं होतं. फुलं हलली नाहीत. उन्हं गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून सरकून बाहेर गेली तरी दोन्ही फुलं जशीच्या तशी होती. मला राग आला. आयुष्यभर हिची सेवा केली आणि माझ्या वेळेला ही मुकी झाली. मी फुलं तशीच सोडून बाहेर पायरीवर येऊन बसलो.

तेवढ्यात खण-नारळ घेऊन एक ठाकर बाई आली. चाळिशीची, काटक. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. माहुलीच्या बाजूच्या पाड्यावरून आले म्हणाली. तिच्या भावजयीचं माहेर आमच्या गावातलं, तिने नणंदेसाठी देवीला नवस बोलला होता, तो फेडायला ही आली होती. तिचं नाव सोमी. मी नारळ फोडून दिला. पण तिचं लक्ष नारळाकडे नव्हतं, ती माझ्या मानेकडे बघत होती.

"गाठ कवापासून हाय, दादा?"

"झाले पंधरा दिवस," मी तुटक बोललो.

"टीबीच्या गोळ्या चालू हायेत?" मी हो म्हटलं. तिने आवाज जरासुद्धा न चोरता विचारलं, "आन् दुसऱ्या? एचआयव्हीच्या?"

मी इकडेतिकडे पाहिलं. सोमीने पदर बाजूला केला. तिच्या मानेवर जुना, आक्रसलेला व्रण होता.

"माझी बी अशीच सुजली व्हती, नव्या गोळ्या चालू केल्यावर. मी म्हनलं, आता मरतंय मी. डॉक्टरीणबाई म्हनली, गोळ्या लागू पडल्या म्हनून सुजली. तुमचं तसंच हाय का येगळं, ते मला नाय कळत. त्या तपासून सांगतील. पर गोळी सोडू नका."

जे मी बायकोखेरीज कोणाजवळ बोललो नव्हतो, ते ही बाई देवीसमोर, एका परक्या माणसाजवळ, शेतातलं काही सांगावं तसं सांगत होती. त्या संध्याकाळी मी गोळी घेतली.

सोमी भावजयीच्या माहेरी मुक्कामाला राहिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या दारात उभी होती. एक दिवसाची मजुरी बुडवून ती आम्हा नवरा-बायकोबरोबर एसटीने आसनगावला आणि तिथून गाडीने शहरात आली. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, गाठीतून सुईने पू काढला. मग समजावून सांगितलं. शरीराची लढायची ताकद इतके दिवस निपचित पडली होती. नव्या गोळ्यांनी ती उठली आणि आत दडलेल्या टीबीच्या जंतूंवर तुटून पडली. ताप आणि सूज हा त्या झुंजीचाच भाग. "सगळ्यांचंच असं नसतं, म्हणून आधी तपासावं लागतं," त्या म्हणाल्या. "दोन्ही औषधं चालूच ठेवायची. सूज उतरायला आणखी एक गोळी देते, तीही मी सांगेन तशीच कमी करायची." मी संध्याकाळची गोळी घेतली होती हे ऐकून त्या सोमीकडे बघून हसल्या.

गाठ बसायला अडीच महिने लागले. सोमी त्यानंतर मला दोनदाच भेटली, रुग्णालयाच्या रांगेत. दोन्ही वेळा तिच्याबरोबर कोणीतरी नवखं, घाबरलेलं माणूस होतं. अक्षरओळख नसलेली ती बाई कोणाला देवाचं नाव सांगत नव्हती की उपदेश करत नव्हती. नुसती शेजारी बसायची.

टीबीचा औषधोपचार पुरा झाल्यावर एका मंगळवारी आरतीनंतर मी गावाला सगळं सांगितलं. सोमी जे पदर सारून बोलली, ते मी लपवत राहिलो तर देवीला रोज तोंड कसं दाखवणार, एवढंच मनात होतं. दोन-चार माणसं उठून गेली. त्यांतली काही आजही माझ्या हातचं घेत नाहीत, त्यांना मी दोष देत नाही. मी तीर्थाची पळी धरून उभाच होतो. तेव्हा गावातली सगळ्यांत थोरली काकी पुढे झाली, ओंजळ धरली आणि म्हणाली, "घाल रे तीर्थ. हात दुखला माझा."

तिच्या ओंजळीत तीर्थ घालताना निम्मं खाली सांडलं. तिने उरलेलं पिऊन ओला हात डोळ्यांना लावला. मी कौल लावला त्याच दिवशी सोमी देवळात कशी आली, हे मी शोधत बसत नाही. आई, मला हवं तेच तू बोलावंस हा माझा हट्ट होता. तो तू सोडवलास, त्याच्यापुढे माझं काही मागणं उरलं नाही.