तलवाड्याच्या अंगणातला पाळणा

दिंद्रुडच्या शहादेवाची पेटी चाळीस वर्षांत कधी स्टेजवर चढली नाही. अंगणात सतरंजी, भिंतीला टेकवलेले बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे फोटो, आणि हात लांबवला तर लागतील इतकी जवळ माणसं. यापेक्षा मोठी बैठक त्याला मानवतच नसे. पार धर्मापुरीपर्यंत त्याच्या गायन पार्टीला बोलावणं असायचं. ढोलकीवर विलास, कोरसला बायको सिंधुबाई.

बारशाचा त्याचा एक रिवाज होता. बाळाचं नाव आधी कुणाला कळू द्यायचं नाही. आत्यानं ते फक्त शहादेवाच्या कानात सांगायचं, आणि त्यानं पाळणा म्हणताना ते पहिल्यांदा उच्चारायचं. त्या एका शब्दासाठी अख्खं अंगण श्वास धरून बसायचं.

मग डीजे आले. सिंधुबाईचे गुडघे गेले. जुन्या लुगड्यात बांधलेली पेटी तीन वर्षं कपाटावर पडून राहिली. आणि या माघात तलवाड्याहून अनिलचा फोन आला. त्याच्या लेकीचं नाव ठेवायचं होतं, आणि त्याच्या आईचा, पंचशीलाबाईचा हट्ट होता की पाळणा शहादेवभाऊच म्हणतील.

"एक डाव बसून बघू," शहादेव विलासला म्हणाला. "न्हाई जमलं तर पेटी गावच्या बुद्ध इहाराला देऊन टाकतो."

"गळ्याचं सोड बे. तुझ्या डोक्याचं भेव हाय. परवा माझ्याच दारात उभं राहून मला इचारलंस, विलासचं घर कोणतं म्हणून."

दुपारी लिंबाच्या सावलीत तीस-चाळीस माणसं बसली. त्रिशरण-पंचशील झालं. आत्या सुनितानं नाव कानात सांगितलं. शहादेवानं पेटी उघडली. पूर्वीची काळी चारची उंच पट्टी कुठली, आता गळा खाली काळी एकवर आला होता. पण सूर लागला. समोर पंचशीलाबाई बसली होती, बत्तीस वर्षांपूर्वी बसली होती तिथंच. तेव्हा तिच्या मांडीवर अनिल होता. तिच्याकडं बघता बघता शहादेवाची जीभ जुन्या वाटेनं गेली.

"दोरी हलवा गं मायबहिणींनो, आला घराला अनिल..."

अंगणात हसू फुटलं.

"बाबा, त्याला आता टक्कल पडाया लागलंय," सुनिता म्हणाली.

शहादेवाचा भात्यावरचा हात थांबला. ज्या एका शब्दासाठी बोलावलं होतं, तोच चुकला होता. त्यानं मान खाली घातली आणि पेटीचं झाकण ओढलं.

"कावून थांबलात भाऊ?" पंचशीलाबाई म्हणाली. "जागं केलंत त्याला, आता निजवा. नातीचं मागून बघू."

आणि तिनंच पुढचं कडवं धरलं.

"बाप राबतो कालव्यावरी, माय मोजी पाण्याची पाळी, निज रे माझ्या राजसा, पाणी येईल सकाळी..."

शहादेव ऐकत राहिला. हे कडवं त्यानं अनिलच्या बारशाला याच अंगणात, तिथल्या तिथं जुळवलं होतं. तेव्हा अनिलचा बाप कालव्याच्या कामावर होता. पुन्हा कुठं ते म्हटलं नव्हतं. तो स्वतःही विसरून गेला होता.

"हे तुमच्यापाशी कसं?" त्यानं विचारलं.

"कसं म्हंजी? दोन्ही लेकरं ह्याच्यावरच निजवली की."

विलासनं ढोलकीवर हलकी थाप दिली. बाया पुढं सरकल्या. शहादेवानं भाता ओढला आणि अख्ख्या अंगणानं मिळून टक्कल पडलेल्या अनिलला निजवलं. तो मोबाईल खिशात घालून आईच्या शेजारी येऊन बसला.

"इहाराला कवा जायचं मग?" विलास ढोलकीआडून पुटपुटला.

"तुला जायचं तर जा. मला कडवं जुळवायचं हाय."

शहादेवानं पाळण्याकडं पाहिलं. पोरगी जागी होती, मूठ चोखत होती.

"दोरी हलवा गं मायबहिणींनो, आली घराला..."

इथं तो थांबला. कुणी खोकलंसुद्धा नाही. लिंबाचं एक पिवळं पान सतरंजीवर पडलं.

"...संबोधी."

मग आजवर कुठंच न म्हटलेलं कडवं तो ओळीओळीनं बांधत गेला. समोर पंचशीलाबाई डोळे मिटून ओठ हलवत होती. पाठ करत होती.