परदेशी कुलूप घेऊन केदारखेड्याला

जालन्याच्या स्थानकात भोकरदनची गाडी लागली आणि माझी नात प्रज्ञा खिडकीतून ओढणी टाकून जागा धरायला धावली. पोरगी संगणकात काम करते, पण जागा धरण्याची रीत आमचीच. मी मागून सावकाश चढले. आता मला लोक वाट देतात. तरुणपणी याच गाडीत मी काळा चष्मा लावून, 'एक्सक्यूज मी' म्हणत शिरायचे, आणि कंडक्टर सोडला तर कोणी माझ्याकडं ढुंकूनही बघत नसे. कंडक्टरही तिकिटापुरताच.

आम्ही माझ्या माहेरी, केदारखेड्याला निघालो होतो, एका ईमेलपायी. तिथल्या आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायकांची गाणी आम्ही एका संकेतस्थळावर ठेवली आहेत. ती प्रत्यक्षात राहतात युरोपातल्या एका कंपनीच्या यंत्रांवर. खातं माझ्या नावावर, कारण हौस माझी, अक्कल प्रज्ञाची. कंपनीनं कळवलं होतं की जुनी यंत्रं बंद होणार, तुमचं सामान नव्या जागी हलवा. नव्या जागेत सोयीही नव्या. रोज आपोआप नक्कल निघणार, सामान कोणत्या देशात ठेवायचं ते आपण निवडायचं, आणि हवं तर कुलूप मिळणार. हे कुलूप लावलं की गाणं ऐकता येतं, पण ठरवलेली वर्षं सरेपर्यंत ते कोणालाच पुसता येत नाही, मालकालासुद्धा नाही. मात्र ते नवी जागा उघडतानाच घ्यायचं. मागाहून मिळत नाही.

मला ते हवं होतं. त्या गाण्यांत माझ्या आईचा आवाज आहे. तेवढा एकच उरलाय.

पण आमच्या वस्तीत हात वर करून काही ठरत नाही. विहारात बसायचं आणि शेवटची बाई 'बरं' म्हणेपर्यंत बोलायचं, अशी पद्धत. फोनवर ते जमत नाही, म्हणून हा प्रवास.

राजूरला गणपतीची माणसं उतरली आणि नारळांची पिशवी घेतलेली एक बाई माझ्याशेजारी टेकली.

"कुठं चालल्या, माय?"

"केदारखेड्याला. कुलूप लावायला."

"घर इकलं का?"

"घर न्हाई. गाणं हाय."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, मग पुढं वाकून प्रज्ञाला हळूच विचारलं, "औषध चालू हाय ना आजीचं?"

प्रज्ञा पूर्णेचा पूल येईपर्यंत हसत होती. पुलाखाली पाणी कमी आणि वाळू जास्त दिसत होती. दोन्ही अंगांना वेचून झालेली कपाशी उभी होती, बोंडांच्या रिकाम्या पाकळ्या वाऱ्यावर वाजवत. काळ्या रानात मध्येच तुरीचा पिवळा पट्टा.

कौसावहिनी, माझ्या भावाची बायको, फाट्यावरच उभी होती. "जल्दी चला, भाकरी गार व्हून राह्यली." घरी ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) होती. प्रज्ञानं दोनदा मागून घेतली आणि नाकातून पाणी येईपर्यंत खाल्ली. जेवून लॅपटॉप उघडावा तर वीज गेलेली आणि फोनची रेंज फक्त विहाराच्या मागच्या पायरीवर. मग लॅपटॉप तिथं नेला. बायका आधीच आत सतरंजीवर जमल्या होत्या.

प्रज्ञानं समजावून सांगितलं. कंपनी त्या जागेला बकेट म्हणते, असं सांगताच हशा पिकला.

"बकिटीत ठेवतेत व्हय आपला आवाज? झाकण तरी हाय का?"

"झाकणाचंच विचारायला आल्ते मी," मी म्हटलं, आणि आईचं गाणं लावलं.

आधी माझाच आवाज आला. शाळेतली नवीन नोकरी, नवा टेपरेकॉर्डर, आणि बाईसाहेब आईला सांगतायत, "आई, जरा शुद्ध म्हण ना!" पाठोपाठ आई: "तू बोल शुद्ध. मी गाते." सगळ्या हसल्या. मीही हसले, त्या चष्मेवालीला कोणीतरी तेव्हाच गप्प करायला हवं होतं. मग आई गाऊ लागली:

विहीर गावाची बाई, पाणी ढगानं दिलं
दोर कापून माझा, पुण्य कुणी कमावलं

पुढच्या ओळीत दोर कापणाऱ्या घराचं नाव येतं. ते मी इथं लिहीत नाही. आता कोणी हसत नव्हतं, कारण त्या घरची नातसून सुरेखा आमच्यातच बसली होती. ती अंगणवाडी चालवते, वस्तीतली पोरं तिच्या मांडीवर अक्षरं गिरवतात.

तीच पहिली बोलली. "आत्याबाई, खरंच असंन ते. पुसा म्हणणार न्हाई मी. पण माझी पोरगी आता मोबाइलवर समदं ऐकती. तिला हे मी माझ्या तोंडानं सांगीन म्हणते. तेवढा टाइम द्या."

प्रज्ञा म्हणाली, "मावशी, साइटवरून मी आजच बाजूला काढते. तुम्ही सांगाल तेव्हा परत लावू."

"मंग झालं तर!" मी घाईनं म्हटलं. "आता कुलूप लावायला काय हरकत?"

कौसावहिनी सतरंजीचा दोरा ओढत बसली होती. "ताई, कुलूप लावल्यावर आपल्याला बी पुसता येत न्हाई?"

"तेच तर चांगलंय. आईला कोणी हात लावू शकणार नाही."

"अन् मला कधी माफ करायचं झालं तर?"

मी लॅपटॉपचं झाकण अर्धं लावलं.

"करीनच असं न्हाई," ती म्हणाली. "तो दोर माझ्या बी हातातला व्हता, सासूबाईसंगं मीच पाण्याला गेल्ते. पण ठिवायचं का पुसायचं, ते माझ्या हातात पायजे. हात बांधून घेतल्यावर मंग मी ठिवलं असं कसं म्हणू?"

उन्हं विहाराच्या पायरीवरून उतरेपर्यंत आम्ही बोलत होतो. मी आईचं नाव पुढं केलं, रागावले, मास्तरीणपणाही करून पाहिला. एकेक बाई 'बिनकुलपाचं बरं' म्हणत गेली. शेवटची बाई मी होते.

"बरं," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत राजूरला रेंज आली. प्रज्ञानं लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. "खातं तुझं, बोट तुझं," असं म्हणून ती चहा आणायला उतरली. समोर एक चौकोन: कुलूप हवं का? आजूबाजूला कोणी नव्हतं. कौसावहिनीला कळायचंही कारण नव्हतं. टेपरेकॉर्डरवाली मी असते तर खूण करून मोकळी झाले असते, आणि वर वस्तीच्या भल्यासाठीच केलं असं सांगत फिरले असते. बोट तिथंवर गेलंही.

प्रज्ञा दोन कप सांभाळत आली. "नाही लावलंस?"

"नाही."

"मग दाब पुढचं. यानंतर मिळणार नाही हां."

दाबलं. जालन्याचे दिवे दिसू लागले तेव्हा गाणी एकामागून एक प्रज्ञानं निवडलेल्या थंड देशात पोचत होती. आईचंही पोचलं. आता ते पुसायला माझं एक बोट पुरे आहे. वहिनीचा फोन एखाद्या दिवशी येईल, 'ताई, पुसा आता'. कदाचित तो कधीच येणार नाही. पण तो येऊ शकतो, एवढी जागा आम्ही ठेवली आहे.