दसऱ्याला उचललेली फियाट

उत्तरा पटवर्धन वीस वर्षं पार्ल्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. काचेच्या नळीतलं पाणी रेघेच्या वर आहे की खाली, हे ती मुलांच्या आधी सांगायची. घरातही तेलाच्या बरणीवर तिने पेन्सिलीने खूण केलेली असे. तिचा नवरा श्यामसुंदर त्यावरून तिची थट्टा करी. तो विमा कंपनीत हेडक्लार्क. पण जुनी फियाट घेतल्यापासून गाडीची सगळी कामं घरीच करायची, हा त्याचा हट्ट.

१९८६च्या दसऱ्याला गाडी इमारतीच्या भिंतीलगत उभी होती. तिच्याखाली झोपून काम करता यावं म्हणून उत्तराचा धाकटा भाऊ जयवंत आदल्या दिवशी गाडी उचलायचे दोन ट्रॉली जॅक पसंतीला ठेवून गेला होता. एक लालभडक, मोठा, वापरलेला. दुसरा काळा, ठेंगणा, नवा. दसऱ्याच्या संध्याकाळी त्यातला एक परत न्यायचा होता.

"लालच घ्या, भाऊजी," तो जाताना म्हणाला होता. " चार दांडे मारले की गाडी वर! काळ्याला पंधरा मारत बसावं लागतं."

सकाळी श्यामसुंदरने लाल जॅकवर गाडीचं नाक उचललं आणि पूजा तशीच करायला लावली. उत्तराने जॅकला हळदकुंकू वाहिलं, बंपरला झेंडूचं तोरण बांधलं. मधलं, सगळ्यांत खालचं फूल जमिनीपासून चार बोटं वर राहिलं. पूजलेल्या हत्याराला दिवसभर हात लावायचा नाही, ही तिच्या माहेरची रीत. तिने ती बजावून सांगितली आणि गाडी तशीच उचललेली राहिली.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे याच गाडीने चिपळूणला जायचं होतं. दुपारी चार वाजता श्यामसुंदर इंजिनचं ऑईल बदलायला निघालाच. जुनं ऑईल धरायला त्याने गाडीखाली तुपाचा रिकामा डबा सरकवला, पोतं अंथरलं आणि उताणा झोपून छातीपर्यंत आत गेला.

उत्तरा चहा घेऊन आली. तोरणाचं खालचं फूल जमिनीला टेकलं होतं.

"अहो, बाहेर या."

"काय झालं?"

"आधी बाहेर या!"

तो पाठ घासत बाहेर आला. फूल पाहून म्हणाला, "दोरा सैल पडला असेल गं."

"गाठ मी मारलीय."

पायरीवर राहिलेल्या पूजेच्या कोयरीत तिने ओलं बोट बुडवलं आणि बंपरच्या वरच्या कडेला धरून भिंतीवर कुंकवाची रेघ ओढली.

"अर्धा तास थांबा. बंपर रेघेवर राहिला तर मी अडवणार नाही."

"आणि अंधार पडल्यावर ऑईल तू बदलणार?"

दोघं पायरीवर बसले. चहावर साय धरली. ज्या तेलाच्या दाबावर जॅक गाडी तोलून धरतो त्याचा थेंब गळत नव्हता, आवाज नव्हता. दहा मिनिटांनी श्यामसुंदर म्हणाला, "बघ, हललीय का तुझी गाडी?" खरंच हलली नव्हती. निदान तिला दिसली नव्हती. आपण चुकलो तर हा जन्मभर ऐकवणार, आणि नाही चुकलो तर जॅक आपल्याच भावाने आणलेला. विसाव्या मिनिटाला रेघ आणि बंपर यांच्यामध्ये सुतळीएवढी पांढरी भिंत दिसू लागली. की डोळ्यांचा भास?

तेवढ्यात जयवंत आला. "हे काय, अजून ऑईल काढलं नाही? घाबरलात की काय भाऊजी?"

"तुझ्या ताईला विचार."

"ताई, दोन टन पेलतो गं तो! हे बघ." असं म्हणून त्याने बॉनेटवर जोरात थाप मारली.

फुस्स झालं. गाडीचं नाक खाली बसलं आणि तुपाचा डबा कर्रकन चेपला. डब्यालगतच्या पोत्यावर श्यामसुंदरच्या पाठीचा घाम अजून ओला होता.

जयवंत मटकन पायरीवर बसला.

श्यामसुंदरने काळा जॅक ओढला. पंधरा दांडे मारले, एकेक मोजत. मग कोयरीत स्वतःच बोट बुडवून भिंतीवर दुसरी रेघ ओढली.

"अर्धा तास ना गं?"

"एक तास," उत्तरा म्हणाली. "आणि जयवंत, तू ऊठ. कोपऱ्यावरच्या वखारीतून लाकडाचे दोन जाड ठोकळे आण. रेघ हलली नाही तरी ते गाडीखाली लावल्याशिवाय हे आत जाणार नाहीत."