तिसऱ्या रांगेतले माजी अध्यक्ष

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मी डिचोलीच्या आमच्या वाचनालयाच्या सभागृहात पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी हुज्जत घालत होते. रविवारी कार्यक्रम होता आणि मधला पंखा करकरत होता. तेवढ्यात फोन वाजला. नार्वेच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडणारा एक ओळखीचा माणूस बोलत होता. ‘‘टीचर, उल्हासबाब गेले,’’ तो म्हणाला. आदल्या संध्याकाळीच उल्हासबाबांचा मला फोन आला होता, उद्या पणजीला जातोय, वाचनालयासाठी काही आणायचं आहे का म्हणून. त्यामुळे मी अगदी सहज म्हणाले, ‘‘हो, मला सांगितलंय त्यांनी.’’  मग त्यानं हलक्या आवाजात पुन्हा सांगितलं, आणि या वेळी ‘गेले’चा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. पंखेवाला शिडीवरून काहीतरी विचारत होता. त्याला मी काय उत्तर दिलं, ते आजही आठवत नाही.

फेरीबोटीची वाट पाहत ते रांगेत स्कूटरवर बसले होते. बोट लागली, गाड्या उतरल्या, रांग पुढे सरकली, पण त्यांची स्कूटर हलेना. मागच्या गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. मान खाली झुकलेली होती, आणि धक्क्यावरच्या लोकांना वाटलं, वाचत असतील… कारण त्या धक्क्यावर त्यांना मान खाली घालून वाचताना पाहणं ही कुणालाही नवलाची गोष्ट नव्हती. हात लावला तेव्हा कळलं. चौसष्टाव्या वर्षी, औषधाची एक गोळीही न घेणारा माणूस. सहा आठवडे होऊन गेले आहेत, आणि अजूनही संध्याकाळी फोन वाजला की माझ्या मनात पहिलं नाव त्यांचंच येतं.

उल्हास गाड हे नार्वेचे. फेरीबोट चालवणाऱ्याला आमच्याकडे पात्रांव म्हणतात. नोकरीची सगळी वर्षं ते पात्रांव होते. शिक्षण जेमतेम मॅट्रिकपर्यंतचं. पण बोट किनाऱ्याला लागायची आणि पुढची फेरी सुटायची यांच्यामध्ये जी दहा-पंधरा मिनिटं मिळतात, त्या मिनिटांत त्यांनी आमच्या वाचनालयातली कितीतरी कपाटं रिकामी केली होती. मी तेव्हा हायस्कुलात मराठी शिकवत होते आणि वाचक मंडळाची कार्यवाह होते. दर आठवड्याला दोन पुस्तकं परत करून दोन घेऊन जाणारा हा उंच, काळासावळा माणूस मला ठाऊक होता, पण तो कधी बैठकीत बोलेल असं वाटलं नव्हतं. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष आजारी पडले, दुसरं कुणी जबाबदारी घ्यायला तयार होईना, तेव्हा कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं. सहा महिन्यांपुरते म्हणून ते अध्यक्ष झाले आणि अकरा वर्षं राहिले.

‘लेखकाशी गप्पा’ हा कार्यक्रम त्यांनीच सुरू केला. महिन्याचा शेवटचा रविवार. पाहुण्याला आणायला ते स्वतः बसस्टँडवर जायचे. इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय असल्यामुळे त्यांच्यासमोर माइक ठेवायचा म्हणजे पंचाईत. पहिल्या कार्यक्रमाला मी त्यांना चिठ्ठी पाठवली होती, ‘हळू बोला.’ त्यांनी ती माइकवरूनच मोठ्यानं वाचली आणि सगळं सभागृह हसलं. पुस्तक ते दोनदा वाचायचे, एकदा स्वतःशी आणि एकदा घरी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, मोठ्यानं ऐकवून. वहिनी शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या, पण ऐकताना मध्येच थांबवून प्रश्न विचारायच्या. ते प्रश्न उल्हासबाब तसेच्या तसे लेखकाला विचारत, आणि कसलाही आडपडदा न ठेवता सांगत, ‘‘हे आमच्या घरच्यांनी विचारलंय.’’

एकदा पुण्याहून एक मोठे कादंबरीकार आले होते. त्यांच्या कादंबरीची नायिका घरातल्या सगळ्यांना जेवायला वाढते आणि मग कायमची घर सोडून जाते. त्या प्रसंगावर तोवर पुष्कळ लिहून आलं होतं. पाहुणेही त्याच ठरावीक वळणानं बोलत होते. उल्हासबाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘ती स्वतः जेवून गेली, की उपाशी? आमच्या घरच्यांना ते कळलं नाही.’’ सभागृहात थोडी खसखस पिकली. कादंबरीकार मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले की हे मला आजवर कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. मग ते आपल्या आईबद्दल बोलू लागले… ती कधी जेवायची ते आम्हा भावंडांना कधीच दिसलं नाही, असं म्हणाले. त्यानंतरचा पाऊण तास आमच्या सभागृहात कुणी जागचं हललं नाही. औद्योगिक वसाहतीत काम करणारा बेळगावकडचा एक कामगार त्या दिवशी चुकून आत आला होता. तो पुढे दर महिन्याला येऊ लागला.

आता मला त्या गोष्टीकडे वळायला हवं, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

दोन वर्षांपूर्वी उल्हासबाबांनी हरमलच्या मोहिनीचं नाव सुचवलं. मोहिनी पस्तिशीची. समुद्राजवळ घराच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्यानं देते आणि कथा लिहिते. आपल्या पेडण्याच्या बोलीत, म्हणजे कोकणीत. आमचं मंडळ मराठीचं. भाषेच्या वादाच्या जखमा गोव्यात किती जुन्या आहेत आणि किती पटकन ओल्या होतात, ते इथल्या वाचकांना सांगायला नको. दोन ज्येष्ठ सभासद म्हणाले, ती बाई व्यासपीठावर आली तर आम्ही बाहेर पडू. बैठक झाली. उल्हासबाब एवढंच बोलले, ‘‘तिच्या गोष्टी मी घरात वाचल्या. आमच्या घरच्यांना एक शब्द समजावून द्यावा लागला नाही. असं दुसरं कुठलं पुस्तक मंडळात आलंय, सांगा.’’ मग मत घेतलं. हात वर झाले. चार तिच्या बाजूनं, चार विरोधात. अध्यक्षांनी मत द्यायचं नाही असा आमचा प्रघात. राहिले होते मी.

माझं माहेर पेडण्याकडच्या हळर्णचं. माझी आई ज्या बोलीत मला रागवायची आणि ज्या बोलीत कुशीत घ्यायची, त्याच बोलीत मोहिनीनं लिहिलं होतं. ते पुस्तक वाचताना मी दोनदा रडले होते. हे उल्हासबाबांना माहीत होतं, मीच त्यांना सांगितलं होतं. आणि तरी मी विरोधात हात वर केला. मंडळ फुटेल ही भीती होती, इतक्या वर्षांचं काम वाया जाईल असं वाटत होतं… कारणं पुष्कळ होती, आणि त्या क्षणी ती खरीही वाटली होती. उल्हासबाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग टेबलाकडे. मी इतिवृत्त लिहिलं, आणि वाद वाढू नये म्हणून त्यात ‘सर्वानुमते’ असा शब्द घातला. ते सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवलं. त्या शब्दावर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं. त्यांनी सही केली आणि दुसऱ्या कागदावर दोन ओळींचा राजीनामा लिहून दिला.

पुढच्या महिन्यापासून ते प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत बसू लागले. एकही कार्यक्रम चुकवला नाही. पण त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं. नवे अध्यक्ष आदरानं विचारायचे, माजी अध्यक्षांना काही विचारायचंय का, आणि ते हसून मान हलवायचे. माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलत. नदीचं पाणी, मुलीचं बाळंतपण, नवीन पुस्तकं, सगळं बोलत. त्या हाताबद्दल मात्र त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. एकदा निवांत बोलू, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत राहिले. आदल्या संध्याकाळच्या त्या फोनवरही ते ‘रविवारी भेटू’ म्हणाले, तेव्हा वाटलं होतं, या रविवारी सांगूनच टाकू.

त्या रविवारी कार्यक्रमाऐवजी शोकसभा झाली. दुरुस्त केलेला पंखा आवाज न करता फिरत होता. एकेक वक्ता उठून माजी अध्यक्षांच्या कार्याबद्दल बोलत होता. किती लेखक आणले, किती सभासद वाढवले, सभागृहाला त्यांचं नाव द्यावं वगैरे. सगळं खरं होतं, आणि मी ते जणू पाण्याखालून ऐकत होते. तिसऱ्या रांगेतली त्यांची खुर्ची कुणीतरी नकळत घेतली होती, एका अनोळखी बाईनं. ती उठून पुढे आली आणि तिनं आपलं नाव सांगितलं, तेव्हा सभागृहात चुळबुळ झाली. मोहिनी होती ती.

ती सांगू लागली. त्या बैठकीनंतरच्या रविवारी उल्हासबाब स्कूटरवरून हरमलला तिच्या घरी गेले होते. सभागृह मिळालं नाही, म्हणून बोलावता आलं नाही, असं म्हणाले. आमच्या कार्यवाह बाईंना फार वाईट वाटलंय, त्या स्वतः येणार होत्या पण तापानं पडल्या आहेत, असंही म्हणाले. मग तिच्या ओट्यावर बसून त्यांनी तिच्याशी गप्पा मारल्या. ऐकायला तिची आई आणि शेजारच्या मासे विकणाऱ्या चार बायका होत्या. त्यानंतरही ते अधूनमधून जात राहिले. दर वेळी घरून दोन-तीन प्रश्न घेऊन.

 मला ताप नव्हता. मी त्या दिवशी घरीच होते.

नंतर बोलायची पाळी माझी होती. कागदावर लिहून आणलेलं भाषण पिशवीतच राहिलं. मी उभी राहिले आणि मोहिनीकडे पाहून सांगितलं की इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असं लिहिलंय ते खोटं आहे, ते मी लिहिलंय. चार माणसं तुमच्या बाजूनं होती आणि तुम्हाला नाकारणारा शेवटचा हात माझा होता. एवढं बोलून मी खाली बसले.  ज्येष्ठ सभासदांपैकी एकजण खिडकीबाहेर पाहू लागले.

सभा संपल्यावर मोहिनी माझ्याजवळ आली. ‘‘माका खबर होती, मॅडम,’’ ती म्हणाली. डिचोलीत दहा माणसांत झालेली गोष्ट पेडण्याला पोचायला दोन दिवस पुरतात, हेही तिनं सांगितलं. ‘‘पण ते ओट्यावर बसून तुमच्या तापाचं सांगत होते, आणि त्यांना खोटं बोलायलाच येत नव्हतं. घामाघूम झाले होते. म्हणून मी कायच बोलले नाही.’’

गेल्या आठवड्यात मी नार्वेला गेले. शोकसभेनंतर महिनाभर धीर झाला नव्हता. घर नदीच्या अंगाला आहे, पुढच्या खोलीच्या खिडकीतून धक्का दिसतो. वहिनींनी पाणी दिलं. मी त्यांना सगळं सांगितलं, हात, तो शब्द, हरमल. त्या शांतपणे ऐकत होत्या. मला वाटत होतं, त्या म्हणतील जाऊ दे, त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. पण वहिनींनी कधी कुणाला खोटा धीर दिलेला नाही.

‘‘त्यांना लागलं होतं, टीचर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या दिवशी ते जेवले नाहीत. तुम्ही एकदा आला असता तर बरं झालं असतं. ते वाट बघत होते.’’

 वहिनी चहा टाकायला आत गेल्या आणि मी त्या खोलीत एकटी राहिले. खिडकीखाली एक लाकडी बाक आहे, ते संध्याकाळी बसून वाचायचे तो. बाकाची एक बाजू बसून बसून गुळगुळीत झालेली. दुसऱ्या बाजूवर पुस्तकांचा ढीग, आणि त्यात वरच्या पुस्तकात खुणेसाठी फेरीबोटीचं जुनं तिकीट घातलेलं. जेमतेम अर्धं पुस्तक झालं होतं. बाहेर बोट सुटल्याचा भोंगा वाजला.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी उभीच आहे हे पाहून त्यांनी कप खिडकीत ठेवला आणि पुस्तकांचा ढीग उचलून जमिनीवर मांडू लागल्या. वरचं पुस्तक तेवढं त्यांनी माझ्या हातात दिलं. मग पदरानं बाकाची ती मोकळी झालेली बाजू पुसली. उल्हासबाबांची बाजू त्यांनी तशीच ठेवली.

‘‘बसा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही.’’

मी बसले, आणि तिकीट होतं तिथून वाचायला लागले.