सुटी तार

आमची मोटार चालण्यापेक्षा ढकलली जास्त जायची. गावात सगळेच असं म्हणत, पण माझ्या सासऱ्यांच्या माघारी. समोर बोलायची कुणाची छाती नव्हती. निजामाच्या कुणा अंमलदाराची बदली झाली, त्यानं ती विकायला काढली आणि मामंजींनी घेतली. कापसाच्या व्यापारासाठी गावोगाव फिरावं लागतं, हे सांगायचं कारण. खरं म्हणजे तिच्यावर त्यांचा जीव जडला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मान वर करून पाहिलं नव्हतं, मोटार आली तेव्हा गावभर साखर वाटली. मला फार राग यायचा त्या मोटारीचा. तिला रोज पुसायला माणूस होता, मला भांडी घासायला मीच होते.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या आणि हे शिकायला हैदराबादेला होते. घरात उरलो मामंजी, मी आणि माझी लेक. सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. इतर घरांत मधे सासू असते. आमच्याकडे ते काम माझ्या लेकीवर आलं. ती बोलायला लागली तेव्हा कुठे आमच्या घरात बोलणं सुरू झालं.

मी तिला म्हणायची, "आजोबाला सांग, ताट वाढलंय." मामंजी तिथेच ओसरीवर बसलेले असत, त्यांना सगळं ऐकू गेलेलं असे, तरी निरोप पोरीच्या तोंडून येईपर्यंत ते हलत नसत. मग म्हणायचे, "सांग तुज्या मायला, आलो म्हणावं." की पोरगी पळत परत माझ्याकडे. मधेच ती स्वतःचंही घुसडून द्यायची. "आजोबा, माय म्हनती मला गूळ द्या." मी असं काही म्हटलेलं नाही हे मामंजींनाही माहीत असायचं, पण गूळ मिळायचा. त्या पोरीपुढे त्यांचं काही चालत नसे. मोटारीपेक्षा त्यांना जास्त प्रिय अशी जगात तेवढी एकच वस्तू होती.

दसरा नुकताच झाला होता. पोरीला ताप आला, घसा दुखतो म्हणाली. आम्ही हळदीचा लेप लावला. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला, पाणीसुद्धा गिळवेना, आणि श्वास घेताना घशातून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायला लागला. गावच्या वैद्यानं तिचं तोंड उघडून पाहिलं आणि लगेच मिटलं.

"घटसर्प हाय, मालक," तो म्हणाला. "माज्या हातातलं न्हाई. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात याची सुई भेटती. आजच्या आज न्या, उद्या म्हनू नका."

मामंजींनी तिथल्या तिथे मोटार काढायला लावली. त्या दिवशी मला पहिल्यांदा तिचा अभिमान वाटला. गावात कुणाकडे असं वाहन होतं? बैलगाडीला हिंगोली गाठायला संध्याकाळ झाली असती, आम्ही दुपारच्या आत पोचणार होतो. मी पोरीला मांडीवर घेऊन मागे बसले, बाजूचे पडदे सोडले. मामंजी पुढे ड्रायव्हरशेजारी. ड्रायव्हर नवा होता, चाक धरायला शिकलेला. गाडीच्या आत काय असतं ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

जवळा बाजारला आलो तर नेमका बाजाराचा दिवस. ऐन गर्दीत मोटारीनं दोन-चार आचके दिले आणि ती बंद पडली. ढकलून झालं, हँडल मारून झालं. ड्रायव्हरनं पुढचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि ओरडला, "मालक, सापडलं! ही बगा, तार सुटली."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. काळ्या कापडात गुंडाळलेली एक तार त्याच्या हातात लोंबत होती. एक टोक खाली कुठेतरी आत गेलेलं, दुसरं उघडं. मामंजींचा चेहरा एकदम हलका झाला. रोग सापडला म्हणजे औषध आलंच, असं त्यांना वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं.

"मंग लाव की बाबा ती," ते म्हणाले.

"कुटं लागती तेच बगून राहिलो."

आणि तो बघतच राहिला. तोवर निम्मा बाजार आमच्याभोवती गोळा झाला. मेंढ्या विकायला आलेले धनगर, सरकी घेऊन आलेले शेतकरी, बांगड्या सोडून आलेला कासार. मोटारीत जन्मात न बसलेल्या प्रत्येकाला ती तार कुठे लागते ते माहीत होतं. एकजण म्हणाला वर लावा, दुसरा म्हणाला खाली. ड्रायव्हरनं ती एका बोल्टाला टेकवली तर ठिणगी उडाली आणि तो हात झटकत मागे सरला. दुसरीकडे टेकवली तर भोंगा आपोआप बोंबलायला लागला, बैल बिथरले, लोक हसले. आणखी कुठे लावली तर भर दुपारी पुढचा दिवा लागला.

"जीव हाय तारंत!" मामंजी म्हणाले. "उगंच का कुनी येवढी तार ठिवंल? हिच्यावरच चालत असंल गाडी. बग, अजून बग."

दर वेळी वाटायचं, आता लागेल. तिथेच आमचा घात होत होता. मोटार सुरू झाली असती तर आम्ही तासाभरात हिंगोलीत असतो, म्हणून मोटार सोडवत नव्हती. आणि मांडीवर माझी पोरगी एकेक श्वास ओढून आणत होती.

एक म्हातारा बागवान पेरूंची गाडी घेऊन बाजारात आला होता. त्यानं तार हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. "मेरेकू नै समजता, मालिक," तो म्हणाला. "बच्चीकू तकलीफ हो रही. मेरी बैलगाडी है, चलो." एवढ्या गर्दीत मला समजत नाही असं म्हणणारा तो एकटाच.

मामंजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग मोटारीकडे. "जरा थांबा," ते म्हणाले. "ह्यो येक बोल्ट ऱ्हायला."

नको, निघा आता, एवढंच मला म्हणायचं होतं. पण तोंड उघडायचं कसं? मी पोरीच्या कानाशी वाकले. "आजोबाला सांग, तार ऱ्हाऊ द्या, बैलगाडीनं चला."

पडदा पातळ होता. मामंजींना ऐकू गेलं. पोरगी काहीच बोलली नाही, तरी त्यांनी तिलाच उत्तर दिलं. "सांग तुज्या मायला, झालंच म्हणावं."

थोड्या वेळानं मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. "आजोबाला सांग, उशीर हून राहिला."

"सांग तुज्या मायला, घाबरू नको म्हणावं."

सगळा बाजार ऐकत होता. दोन मोठी माणसं एका गुदमरणाऱ्या लेकराच्या तोंडून भांडत होती, आणि त्यात कुणालाही काही विचित्र वाटलं नाही, आम्हालाही नाही. तिसऱ्यांदा मी ओरडलेच. "आजोबाला सांग, तुजे ओठ निळे पडलेत म्हणावं! सांग त्यांना!"

तेव्हा मामंजींनी पडदा बाजूला केला. मी लग्न होऊन आल्यापासून इतक्या जवळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. त्यांनी पोरीला पाहिलं आणि हातातली तार तशीच खाली सोडून दिली.

बागवानानं पेरू तिथेच रस्त्यावर ओतले. मला गाडीत बसवलं, मामंजी शेजारी बसले आणि त्यानं बैल असे पिटाळले की धुरळ्यात मागचा बाजार दिसेनासा झाला. रस्त्यात खड्डेच खड्डे. प्रत्येक हिसक्याला मी पोरीचं डोकं छातीशी दाबून धरायची. मामंजी तिचे पाय चोळत होते आणि काहीतरी पुटपुटत होते, देवाचं नाव असेल. औंढ्याच्या देवळाचं शिखर दिसायच्या आधीच घशातली ती शिट्टी थांबली. मला वाटलं, उतार पडला. मी आनंदानं खाली पाहिलं. तो आनंद मला अजून आठवतो, आणि तोच सगळ्यात जास्त छळतो.

बागवानानं बैल थांबवले. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण मागून भोंगा वाजला. आमची मोटार धुरळा उडवत येत होती. ड्रायव्हर उडी मारून उतरला, तोंडभर हसत.

"मालक, त्या तारंचं कायबी न्हाई! दुसरं टोक मागं नुसतं पत्र्याला टेकलेलं गावलं. आधीच्या सायबानं आत दिवा लावलेला, त्याची ती. दिवा कवाच गेला, तार ऱ्हायली. पेट्रोलच्या नळीत हे अडकलं व्हतं. तोंडानं फुकलं तर निघालं, बगा."

त्यानं मूठ उघडली. तळहातावर तांदळाचे दाणे होते, कुंकवानं लाल झालेले.

खंडेनवमीला घरोघर हत्यारांची, अवजारांची पूजा होते. मामंजींनी मोटारीची केली होती. चाकांना हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि शेवटी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून आपल्या हातानं आत अक्षता टाकल्या होत्या. जिथं तिचं पोट तिथं तिची पूजा, असं ते म्हणाले होते. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट सगळ्यांना कौतुक वाटलं होतं.

मामंजी त्या दाण्यांकडे पाहत राहिले. एवढ्यात ड्रायव्हरला माझ्या मांडीवरचं दिसलं. त्याचं हसू गेलं, पण मूठ मिटायचं काही त्याला सुचेना.

आम्ही मोटारीनंच घरी परतलो. इतकी सुरेख ती कधीच चालली नव्हती. चढ आला, ओढा आला, कुठेही अडली नाही. मामंजी पुढे बसले होते, पाठमोरे. गाव जवळ आलं तसे ते वळले आणि माझ्याशी बोलले, सरळ माझ्याशी.

"सूनबाई, काय म्हनायचं ते म्हन मला. शिव्या दे. पर बोल."

मला बोलायचं होतं. काय ते मला आता नीट सांगता येणार नाही, पण फार बोलायचं होतं. मी तोंड उघडलं आणि पोरीच्या कानाशी वाकले.