मगदूमांची रिकामी भांडी

खोका उचलायला मारुती वाकला आणि तसाच थांबला. ट्रक खाली उभा होता. त्याने खोका जरासा हलवला, कान लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, ह्यात कायतरी वाजतंय."

मारुती माझा सगळ्यात जुना पॅकर. खोक्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'किचन, स्टील, एम्प्टी'. बबलरॅपमध्ये गुंडाळलेली रिकामी भांडी वाजत नाहीत. वाजली तर पॅकिंग वाईट, नाहीतर आत काहीतरी आहे. माझं पॅकिंग वाईट नसतं. टेप फाडली. पहिल्या डब्यात मूठभर जोंधळे निघाले. दुसऱ्यात तांदूळ. कुकरमध्ये तूरडाळ. इडलीपात्राच्या एकेका खळग्यात हरभऱ्याचा एकेक दाणा, अगदी मापात ठेवलेला. माझं डोकं फिरलं.

ते का फिरलं हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. आमचा मूळ धंदा शिरोली एमआयडीसीतला. फाउंड्रीतून परदेशी जाणारी कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, आम्ही लाकडी पेट्यांत पॅक करून द्यायचो. दोन हजार सालाच्या पुढेमागे कोल्हापूरची इंजिनिअर मुलं बिऱ्हाड घेऊन परदेशी जायला लागली, तेव्हा मी घरसामानाची कामंही घ्यायला सुरुवात केली. लोखंड नीट पोचवतो, तर ताटवाट्यांचं काय एवढं, असं मला वाटलं होतं. पण कास्टिंगला आई नसते.

अजित मगदूम आमच्या ओळखीच्या फाउंड्रीत डिझाइनला होता. त्याला न्यूझीलंडमध्ये नोकरी लागली. बायको पद्मजा, एक लहान मुलगी आणि राजारामपुरीतला भाड्याचा फ्लॅट. मगदूम म्हणजे शिरोळकडचं जैन शेतकरी घर. तिकडे सीमेजवळ आईला आव्वा म्हणतात. अजितची आव्वा गावाहून मुद्दाम आली होती, मुलाचा संसार बांधताना घरातलं मोठं माणूस हवं म्हणून. ती खुर्चीवर बसून आमच्या प्रत्येक खोक्याकडे बघत होती. मला वाटलं, बिचारीला वाईट वाटतंय.

न्यूझीलंड हा देश शेतीवर आणि गुराढोरांवर जगतो. बाहेरची कीड आत येईल, ह्याची त्यांना फार धास्ती. माती, बी-बियाणं, धान्य काहीच चालत नाही. बंदरावर सामान तपासतात, त्याला क्वारंटाइन म्हणतात. तिथे धान्य सापडलं तर सामान अडकतं, त्याला विषारी औषधाची धुरी देतात, फारच झालं तर नष्ट करतात. त्यातून अजितचं सामान थोडं, म्हणून मुंबईच्या एजंटने ते दुसऱ्या कुटुंबांच्या सामानाबरोबर एकाच कंटेनरमध्ये घेतलं होतं. म्हणजे आव्वांच्या जोंधळ्यापायी ओळख ना पाळख, अशा लोकांचेही संसार अडकणार. आणि भांडी रिकामी आहेत, असं सही करून लिहून दिलेलं मी. ट्रक आज निघाला नाही तर बोट चुकणार, आणि हे तिघे तिकडच्या ऐन थंडीत मोकळ्या घरात लादीवर झोपणार.

आव्वांना विचारलं. त्या अजिबात गडबडल्या नाहीत.

"व्हय, मीच घातलं. रिकामी भांडी कुठं पाठवत्यात व्हय?"

अजितने कपाळाला हात लावला. त्याने आईला आधीच बजावलं होतं म्हणे. आव्वांचं म्हणणं असं, की त्याने चटणी नको, लाडू नको, लोणचं नको म्हणून सांगितलं होतं. चिमूटभर दाण्याचं कुणी काही बोललं नव्हतं. मी त्यांना सगळे नियम समजावले. त्यांनी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे पटणं नव्हे, हे इतकी वर्षं गिऱ्हाइकं सांभाळून मला कळायला हवं होतं.

किचनचे सगळे खोके फोडले. प्रत्येक भांडं रिकामं केलं, पुसलं, उजेडात धरून बघितलं. तेवढ्यात ड्रायव्हर खालून हॉर्न वाजवायला लागला, म्हणून त्याची समजूत घालायला मी जिना उतरले. मुंबईच्या एजंटचाही फोन आला. ट्रक निघाला का, असं त्याने विचारलं आणि तो निघतोच आहे, असं मी सांगितलं. वर आले तर निम्मी भांडी गुंडाळून झाली होती आणि माझी माणसं माझ्याकडे बघायचं टाळत होती. एक डबा उचलून हलवला. आत जोंधळे.

आव्वा पदरात धान्य घेऊन मागोमाग फिरल्या होत्या. माझे पॅकर समोर उभे राहून बघत होते. मी मारुतीवर उखडले. तू तरी बोलायचं नाहीस का?

"मॅडम, आमच्यातबी रिकामं देत न्हाईत," मारुती म्हणाला. "म्हातारं माणूस. हात कसा धरायचा?"

आता माझा ताबा सुटला. मी आव्वांसमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, की मुलाचा संसार समुद्रात बुडवायचा आहे का तुम्हाला? आवाज बराच चढला असणार, कारण समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. पद्मजा आतल्या खोलीत निघून गेली. आव्वांनी पदर सोडला नाही.

"माझी वाटणी झाली तवा जावंनं भांडी काढून दिली," त्या म्हणाल्या. "एकात बी दाणा न्हवता. ह्येचा बा म्हणाला, असू दे, भरतील. ती काय भरली न्हाईत. दुसऱ्याच्या दारात पीठ मागाय गेलती मी. ह्यो अजित तवा पोटात हुता. आता ह्यो एवढा लांब निघालाय. तितं ह्येला पीठ कोण देणार, सांग की."

तिकडे दुकानं आहेत, पगार आहे, हे आव्वांनाही माहीत होतंच. मला वाईट वाटत होतं आणि रागही तेवढाच येत होता, कारण ट्रक अजून खालीच होता.

त्या घाईत माझी नजर आमच्या सिलिका जेलच्या पिशवीवर गेली. सिलिका जेल म्हणजे ओल शोषून घेणारे पांढरे खडे. नवीन बुटांच्या खोक्यात छोटी पुडी असते, तेच. बोटीवरच्या दमट हवेत लोखंडाला गंज चढू नये, म्हणून कास्टिंगच्या पेट्यांत आम्ही त्या पुड्या टाकतो. घरसामानातही टाकतोच. एक पुडी आव्वांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांनी चाचपली.

"साबुदाणा हाय व्हय?"

"नाही आव्वा. खायचं नाही हे. पण भांड्यात ठेवलं तर भांडं रिकामं नाही. आणि तिकडचा साहेबही काही म्हणणार नाही."

त्यांनी पुडी कानाशी हलवून बघितली. आतून दाण्यांसारखा आवाज आला. बराच विचार करून त्यांनी पदरातलं धान्य स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओतलं आणि एकेका भांड्यात स्वतःच्या हाताने पुडी ठेवायला लागल्या. इडलीपात्राच्या प्रत्येक खळग्यात एक हवी होती. मी नाही म्हटलं. त्या वाद घालायला लागल्या. शेवटी ताटलीला एक, ह्यावर तडजोड झाली आणि ट्रक एकदाचा निघाला.

बोट पोचल्यावर तिकडच्या इन्स्पेक्टरने भांडी उघडून बघितली, पुड्यांवरचं वाचलं आणि सगळं सोडून दिलं. अडवले ते फक्त अजितचे क्रिकेटचे बूट, कारण त्यांच्या तळव्याला मैदानातली माती होती. बूट धुऊन आण, असं मी त्याला तोंडाने सांगितलं होतं. ह्या घराण्यात मान डोलावण्याची पद्धतच आहे.

मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पुढच्याच आठवड्यात ऑफिसात पद्मजाचा फोन आला. सामान लागलं, सगळं नीट पोचलं, एक कपही फुटला नाही. मी खूश. मग ती म्हणाली, "मॅडम, एक विचारायचं होतं. आव्वांनी सांगितलंय, भांड्यात जे घालून दिलंय ते नव्या घरातल्या पहिल्या भातात शिजवायचं. तर ह्या पुड्या फोडून घालायच्या का?"

मी एवढ्या मोठ्याने "नको" म्हणाले, की बाहेर पेटी ठोकणारी माणसं हातोडी घेऊन आत आली.

पद्मजा हसली. तिला ते खायचं नसतं हे ठाऊक होतं. मग तिचा आवाज बारीक झाला. "पण मग मी आव्वांना काय सांगू? त्या रोज विचारतात, शिजवलं का."

मी पॅकिंगवाली. रीतिरिवाजाचं मला काय विचारता, असं तोंडावर आलं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, तिथल्या दुकानातून तांदूळ आणा, आधी सगळ्या भांड्यांतून थोडे थोडे फिरवा, मग त्याचा भात लावा आणि आव्वांना फोन करा.

त्यानंतर काही दिवसांनी आव्वा शिरोलीला माझ्या ऑफिसात आल्या, गावाहून बस बदलत. बसल्या, पाणी प्यायल्या आणि "शिजवलं म्हणं," एवढंच सांगितलं. हातातला लाडवांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि निघाल्या.

तेव्हापासून खोक्यावर 'एम्प्टी' लिहायच्या आधी घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोण, ते विचारते. सिलिका जेलची पिशवी त्यांच्या हातात देते आणि हे शिजवायचं नाही, असं सुनेला, मुलाला आणि स्वतः त्यांना वेगवेगळं सांगते. बहुतेक जण मान डोलावतात.

लाडू संपले. डबा धुऊन पुसून परत द्यायला गाडीत ठेवला. गाडी चालू केली आणि बंद केली. डबा घेऊन पुन्हा घरात गेले आणि त्यात साखर भरली.